अल्प मिश्रणाचे सामर्थ्य

घरोघरी स्वयंपाकासाठी जो गॅस जळतो, त्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. शेगडीचा खटका चुकून उघडा राहिला म्हणजे जो उग्र, कुजकट दर्प येतो, तो एथिल मरकॅप्टन ह्या गंधकयुक्त द्रव्याचा. ते गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेले असते, आणि तेही इतक्या अल्प प्रमाणात की गॅसच्या ज्वलनात त्यामुळे काही फरक पडत नाही. त्याचे काम एकच. गॅस आणि हवा ह्यांचे मिश्रण स्फोटक होण्याच्या आत माणसाला खबर देणे. ही युक्ती सर्वत्र रूढ झाली ती एका मोठ्या अनर्थानंतर. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सस संस्थानात न्यू लंडन ह्या गावच्या शाळेखाली वासहीन नैसर्गिक वायू साचला. ठिणगी पडली, आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक क्षणार्धात मृत्यू पावले. त्यानंतर तेथे अशा वायूत वास मिसळणे कायद्याने बंधनकारक झाले आणि ती रीत पुढे जगभर पसरली.

मोठ्या साठ्यात मिसळलेले अल्पसे द्रव्य माणसाचे रक्षण करते, ह्याचे हे घरगुती उदाहरण होय. पण ह्याच नियमाची दुसरी बाजूही आहे. नको ते अल्पसे द्रव्य नको त्या साठ्यात शिरले, तर तेवढ्यानेच सर्वनाश ओढवतो. ह्या दुसऱ्या बाजूचा सर्वांत दारुण पुरावा भारतात, भोपाळ नगरीत, २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिळाला. त्या रात्रीचा अर्थ नीट लागावा, ह्यासाठी प्रथम मिश्रणांच्या शास्त्राचा इतिहास थोडासा पाहणे इष्ट ठरेल.

ज्वालाग्राही वायू हवेत मिसळला म्हणजे तो कोणत्याही प्रमाणात पेटतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. कोळशाच्या खाणीत आढळणारा मिथेन वायू हवेत शेकडा ५ पेक्षा कमी असला तर पेटत नाही, कारण इंधन अपुरे पडते. शेकडा १५ पेक्षा अधिक असला तरीही पेटत नाही, कारण प्राणवायू अपुरा पडतो. ह्या दोन मर्यादांच्या मधला पट्टा तेवढा धोक्याचा. हायड्रोजनच्या बाबतीत हा पट्टा शेकडा ४ पासून ७५ पर्यंत पसरलेला आहे, आणि म्हणूनच तो वायू हाताळणे अधिक जोखमीचे ठरते.

हा पट्टा बाहेरचे द्रव्य मिसळून अरुंद करता येतो, हे प्रथम प्रयोगाने दाखविले ते सर हंफ्री डेव्ही ह्यांनी. इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत १८१२ साली स्फोट होऊन ९२ माणसे दगावली होती. त्यानंतर खाणकामगारांसाठी निर्धोक दिवा शोधण्याचे काम डेव्हींनी हाती घेतले, आणि १८१५ साली त्यांचा प्रसिद्ध जाळीचा दिवा तयार झाला. त्याच शोधाच्या ओघात त्यांना असे आढळले की, मिथेन व हवा ह्यांच्या स्फोटक मिश्रणाच्या सात भागांत कार्बनिक वायूचा एक भाग घातला, किंवा सहा भागांत नत्रवायूचा एक भाग घातला, तर त्या मिश्रणाची स्फोटशक्ती नाहीशी होते. पेट्रोलियमच्या टाक्यांवर नत्राचे आच्छादन ठेवण्याची आजची पद्धत ह्याच निरीक्षणाची वारसदार म्हणावी लागेल.

नत्रवायू येथे करतो ते काम निष्क्रियतेचे होय. तो उष्णता शोषून घेतो, प्राणवायूला विरळ करतो. ज्वलनाच्या क्रियेत मात्र भाग घेत नाही. विसाव्या शतकात ह्यापेक्षा सूक्ष्म असा दुसरा प्रकार उमगला. रशियाचे निकोलाय सेम्योनोव्ह आणि इंग्लंडचे सिरिल हिन्शेलवुड ह्यांनी सिद्ध केले की, स्फोट ही एक शृंखला असते. एक अतिचंचल कण एका रेणूवर आदळतो, त्यातून दोन कण निघतात, दोनांचे चार होतात, आणि डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच सारे मिश्रण पेट घेते. ह्या कार्यासाठी त्या दोघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. शृंखलेतील हे चंचल कण टिपून घेणारे द्रव्य मिसळले, तर अगदी थोड्या मात्रेनेही आग विझते. ब्रोमीनयुक्त हॅलॉन वायूंचे सामर्थ्य ह्यातच होते. पुढे तेच वायू पृथ्वीभोवतालच्या ओझोन थराचा नाश करतात असे आढळले, आणि १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्यांचे उत्पादन क्रमाक्रमाने थांबविण्यात आले. विमानांतील मालकक्षांसाठी त्यांना पर्याय शोधताना अमेरिकेत ज्या चाचण्या झाल्या, त्यांत एक विस्मयकारक गोष्ट दिसून आली. काही पर्यायी द्रव्ये पुरेशा मात्रेत असता स्फोट रोखीत; परंतु तीच अपुऱ्या मात्रेत असली, तर स्फोटाचा दाब उलट वाढे. एकच द्रव्य मात्रेनुसार रक्षक होते किंवा घातक होते. वैद्यकातील औषधाचा नियम रसायनशास्त्रातही खरा ठरतो तो असा.

ह्याच नियमाचे आणखी एक रूप मोटारींच्या इतिहासात आढळते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण वेळेआधी आपोआप पेटले म्हणजे ठोके पडत आणि यंत्र झिजे. ९ डिसेंबर १९२१ रोजी टॉमस मिड्जली ह्या अमेरिकन संशोधकाला असे दिसून आले की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात घातले की हे ठोके थांबतात. यंत्र वाचले. परंतु ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात हेच संयुग तयार करणारे पाच कामगार शिशाच्या विषाने भ्रमिष्ट होऊन मृत्यू पावले, आणि नंतरच्या दशकांत जगातील रस्तोरस्तीची हवा शिशाने दूषित होत राहिली. भारतात शिसेविरहित पेट्रोल देशभर लागू झाले ते २००० सालच्या फेब्रुवारीत. स्फोटाचा धोका टाळणारे द्रव्य विषाचा धोका निर्माण करू शकते, हा इशारा त्या इतिहासात होता. स्फोट आणि विष ह्या दोन संकटांचा असाच संबंध भोपाळ येथे अधिक भीषण स्वरूपात पुढे आला.

सरोवरांची आणि बेगमांची नगरी म्हणून ख्यात असलेले भोपाळ १९५६ साली मध्य प्रदेशाची राजधानी झाले. १९६९ मध्ये शहराच्या उत्तर भागात युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड ह्या कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना उभा राहिला. हरितक्रांतीचे ते दिवस. नव्या बियाण्यांबरोबर नवी औषधेही शेतकऱ्यांना हवी होती. कंपनीचे मुख्य उत्पादन 'सेव्हिन' ह्या नावाने विकले जाणारे कार्बारिल हे होते. ते बनविण्यासाठी मिथाइल आयसोसायनेट हा द्रव लागे, आणि १९८० पासून तो भोपाळातच तयार होऊ लागला. हा द्रव न वापरता कार्बारिल तयार करण्याची रीत ज्ञात होती. द्रव तयार होताच तो वापरून टाकण्याचा आणि साठा न करण्याचा मार्गही होता. भोपाळात मात्र तो द्रव जमिनीत गाडलेल्या पोलादी टाक्यांत टनावारी साठविला जाई.

ह्या द्रवाचा स्वभाव ध्यानात घेतल्यावाचून पुढील घटनांचा उलगडा होत नाही. तो सुमारे ३९ शतमान अंशांवर उकळतो, म्हणजे भोपाळच्या उन्हाळी दुपारी सावलीतही उकळण्याच्या बेतात येतो. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असते. हवेत तिचे प्रमाण शेकडा ५.३ ते २६ असले तर ती पेटते. परंतु तिचे विष ह्या ज्वलनमर्यादेची वाट पाहत नाही. कामगारांच्या श्वासात येऊ देण्याजोगे म्हणून तिचे जे कमाल प्रमाण ठरविण्यात आले होते, ते पाच कोटी भागांत एक भाग एवढेच होते. दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर पेट घेण्यास लागणारे किमान प्रमाण ह्या विषमर्यादेच्या साडेसव्वीस लाख पट भरते. तात्पर्य, जी वाफ पेटण्याच्या दृष्टीने अगदी विरळ आणि निरुपद्रवी, ती श्वासाच्या दृष्टीने प्राणघातक असू शकते.

अशा द्रवाला ताब्यात ठेवण्यासाठी मिश्रणशास्त्राने पुरविलेले सर्व उपाय कारखान्याच्या योजनेत होते. टाकीत द्रवावर कोरड्या नत्रवायूचे आच्छादन दाबाखाली राखावयाचे, म्हणजे हवा आणि दमटपणा आत येणार नाही. द्रवाचे रेणू आपापसांत जोडले जाऊन उष्णता निर्माण होऊ नये, ह्यासाठी दहा लाख भागांत दोनशे-तीनशे भाग फॉस्जीन वायू त्यात राहू द्यावयाचा. फॉस्जीन हा स्वतः पहिल्या महायुद्धात वापरला गेलेला विषारी वायू. पण येथे अत्यल्प मात्रेत तो संयमनाचे काम करी. क्लोरोफॉर्मचा अंश अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ द्यावयाचा नाही. शीतक यंत्राने द्रव शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावयाचा. तीन टाक्यांपैकी एक संकटकाळासाठी रिकामी ठेवावयाची. आणि इतकेही करून वायू सुटलाच, तर दाहक सोड्याच्या धावनयंत्रात तो निष्प्रभ करावयाचा, किंवा ज्वालास्तंभावर हवेत जाळून टाकावयाचा. कागदावर ही तटबंदी भक्कम होती.

प्रत्यक्षात तिचा एकेक दगड निखळत गेला. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनच्या गळतीने एका कामगाराचा मृत्यू झाला. १९८२ च्या मे महिन्यात अमेरिकेतून आलेल्या तपासनीसांनी अनेक दोष नोंदविले. त्याच वर्षी भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी ह्यांनी 'रपट' ह्या आपल्या साप्ताहिकातून नगरावरील संकटाची सूचना दिली, आणि जून १९८४ मध्ये 'जनसत्ता' दैनिकातून ती पुन्हा दिली. परंतु सेव्हिनला पुरेशी मागणी नव्हती, कारखाना तोट्यात होता, आणि काटकसर सुरू झाली होती. जून १९८४ मध्ये शीतक यंत्र बंद करण्यात आले. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून टाकी क्रमांक ६१० मधील नत्राचा दाब टिकेनासा झाला. तिच्यातील द्रवात क्लोरोफॉर्मचा अंश अर्ध्या टक्क्याऐवजी बारा टक्क्यांहून अधिक होता. धावनयंत्रातील द्रावणाचे अभिसरण थांबविलेले होते. ज्वालास्तंभाकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवली होती. रिकामी असावयाची ती टाकीही पूर्ण रिकामी नव्हती. ह्यांतील एकही गोष्ट एकटी पाहिली असता फार मोठी वाटत नाही, आणि म्हणूनच त्या सर्व घडू दिल्या गेल्या.

२ डिसेंबरच्या रात्री टाकी ६१० मध्ये सुमारे ४२ टन द्रव होता. त्यात पाणी शिरले. ते कोणत्या वाटेने शिरले ह्याविषयी वाद झाला. नळ्या धुताना आवश्यक ती अडसर-चकती न बसविल्यामुळे पाणी टाकीपर्यंत पोहोचले, असे भारतीय तपासाचे म्हणणे. कोणीतरी ते हेतुपुरस्सर सोडले, असा अमेरिकन कंपनीचा दावा. पाणी शिरले ह्याबद्दल मात्र दुमत नाही. त्याचा अंदाज पाचशे ते नऊशे किलो असा केला गेला. रात्री अकराच्या सुमारास टाकीतील दाब दर चौरस इंचाला दोन पौंडांवरून दहा पौंडांवर गेला. मध्यरात्र उलटल्यावर तो तीस, नंतर पंचावन्न पौंडांच्याही पुढे गेला. टाकीवरील काँक्रीटचा थर तडकला. साडेबारानंतर सुरक्षा-झडप उघडली आणि वायूचा लोंढा सुमारे ३३ मीटर उंचीच्या नळीतून बाहेर पडू लागला. बंबांनी उडविलेले पाणी तेवढ्या उंचीवर पोहोचू शकले नाही.

ह्या घटनेचा शास्त्रीय शोध डॉ. एस. वरदराजन ह्यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी घेतला, आणि त्यांचा अहवाल डिसेंबर १९८५ मध्ये सादर झाला. टाकीच्या तळाशी उरलेल्या गाळाचे पृथक्करण करून त्यांनी जी संगती लावली, ती ह्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. पाचशे किलो पाण्याशी प्रत्यक्ष संयोग पावू शकेल असा मिथाइल आयसोसायनेट रासायनिक हिशेबाने तीन ते पाच टनच भरतो. मग उरलेला साठा का खवळला? पाण्याच्या संयोगातून उष्णता निर्माण झाली. त्या उष्णतेत क्लोरोफॉर्मपासून आम्ल उत्पन्न झाले. आम्लाने टाकीचे पोलाद खाल्ले व लोहाचे कण द्रवात उतरले. हे लोह स्वतः खर्च न होता द्रवाचे रेणू तिहेरी गटांत जोडण्याची क्रिया वेगाने घडवून आणते, आणि त्या क्रियेतून आणखी प्रचंड उष्णता बाहेर पडते. टाकीतील उष्णतामान दोनशे अंशांच्या वर गेले. पाण्याने ठिणगीचे काम केले, क्लोरोफॉर्मने वाट उघडून दिली आणि लोहाने वणवा पेटविला. संयमनासाठी ठेवलेले मूठभर फॉस्जीन ह्या तिघांपुढे काय टिकणार?

शास्त्राच्या परिभाषेत ही आग नव्हती. टाकीत हवा जवळजवळ नव्हती आणि ज्वाळाही नव्हती. तरीही शृंखलेचा स्वभाव तोच होता. उष्णतेने क्रिया वाढावी, क्रियेने उष्णता वाढावी, आणि दोहोंना आवर घालणारे काहीच उरू नये. वायू नळीबाहेर पडताच हवेत मिसळला व पसरता पसरता ज्वलनमर्यादेच्या पुष्कळ खाली विरळ झाला. म्हणून नगरात कोठे भडका उडाला नाही. जर ज्वालास्तंभ जोडलेला असता, तर निदान काही वायू तरी उंचावर जळून गेला असता. तो न जळता मंद वाऱ्याबरोबर कारखान्यालगतच्या झोपड्यांकडे, रेल्वे स्थानकाकडे आणि जुन्या शहराकडे सरकला. लोक झोपेतून खोकत उठले, डोळे चोळीत धावले, आणि धावल्यामुळे त्यांच्या छातीत अधिकच वायू गेला. तोंडावर ओले फडके धरून आडवे पडावे, एवढी साधी सूचनाही त्यांना कोणी दिलेली नव्हती. स्वयंपाकाच्या गॅसला खबर देणारा वास मिसळण्याची काळजी घेतली जात होती. साऱ्या नगराला खबर देण्याची व्यवस्था मात्र कोणी केली नव्हती.

मध्य प्रदेश शासनाने मृतांचा आकडा ३,७८७ असा मान्य केला. पीडितांच्या संघटनांनी तो नेहमीच पुष्कळ अधिक मानला आहे. वायूची बाधा झालेल्यांची संख्या शासनाने २००६ साली न्यायालयापुढे ५,५८,१२५ अशी मांडली. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. ७ जून २०१० रोजी कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलण्यास २०२५ चा जानेवारी महिना उजाडावा लागला. तो पिथमपूर येथे नेऊन त्याच वर्षी जाळण्यात आला.

त्या डिसेंबरात आणखी एक प्रसंग घडला, आणि तो विसरता येण्याजोगा नाही. दुसऱ्या टाकीत वीस टनांहून अधिक मिथाइल आयसोसायनेट शिल्लक होता. तो निर्धोक करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे कारखाना पुन्हा चालू करून त्याचे सेव्हिन बनविणे. १६ डिसेंबर १९८४ रोजी डॉ. वरदराजन ह्यांच्या देखरेखीखाली हे कार्य सुरू झाले. भयाने लक्षावधी लोक शहर सोडून गेले होते. ह्या वेळी मात्र सर्व तटबंदी जागेवर होती. नत्राचा दाब तपासला होता, धावनयंत्र चालू होते, आवाराभोवती ओली कापडे बांधली होती, आणि आकाशातून हेलिकॉप्टरे पाणी शिंपीत होती. टाकीच्या आत शिरून ज्या पाण्याने अनर्थ केला, तेच टाकीबाहेर कापडावर आणि हवेत राखण करीत होते. आठवड्याभरात सर्व द्रव संपला व कोणालाही इजा झाली नाही. द्रव तोच होता, कारखाना तोच होता. फरक होता तो केवळ दक्षतेचा.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ मधील कारखाना कायद्याची दुरुस्ती, घातक रसायनांच्या साठवणुकीविषयी १९८९ चे नियम, आणि १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा ही त्या रात्रीची अपत्ये होत. तथापि कायद्याने दक्षता आपोआप येत नाही, हे महाराष्ट्राला लवकरच कळून चुकले. ५ नोव्हेंबर १९९० रोजी रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे पेट्रोरसायनांच्या प्रकल्पात ईथेन व प्रोपेन वायूंची गळती झाली. तेथे वाफ हवेत मिसळून नेमकी त्या धोक्याच्या पट्ट्यात आली, पेटली, आणि तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. भोपाळात वाफ पेटली नाही म्हणून माणसे मेली, नागोठण्यात ती पेटली म्हणून मेली. दोन्हीकडे मूळ दोष एकच. जे जेथे असावयास हवे ते तेथे राखले गेले नाही.

साठा, मात्रा आणि मिश्रण ह्यांचे नियम निसर्गाचे आहेत, आणि ते कोणाच्या नफातोट्याकडे पाहत नाहीत. मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याची मोजदाद होते, त्याची नोंद ठेवली जाते. नकळत शिरलेल्या द्रव्याची नोंद कोणत्याच वहीत नसते. ते केवळ परिणामाने आपले अस्तित्व सांगते. म्हणून ज्वालाग्राही वा विषारी द्रवाच्या प्रत्येक साठ्याविषयी दोन प्रश्न रोज विचारले गेले पाहिजेत. त्यात जे असावयास हवे ते आहे काय? आणि जे नसावयास हवे ते त्यात शिरले आहे काय? टाकी क्रमांक ६१० विषयी १९८४ च्या त्या शेवटच्या महिन्यांत हे दोन प्रश्न कोणी नेटाने विचारले असते, तर तिच्या नोंदी कारखान्याच्या कपाटातच राहिल्या असत्या आणि तिचा क्रमांक आज जगाला ठाऊक नसता.